चिमटेबुवांची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जहाजावरची किंवा डोंगरावर नेतात तसली नव्हे. थिएटरात मागच्या खुर्चीवरून गाणाऱ्यांचे चेहरे नीट दिसावेत म्हणून वापरतात, ती हाताच्या पंजात मावणारी. माझं अंग पितळेचं आहे, हे एका परीने बरंच झालं. नाहीतर ही हकिकत सांगताना मी किती ओशाळले आहे, ते तुम्हाला लगेच दिसलं असतं.

मला एका म्हाताऱ्या चष्मेवाल्याने घडवलं. त्याने माझी भिंगं इतकी घासली, की समोरच्या भिंतीवरची मुंगी मिशांसकट दिसू लागली. मला विकत घेतलं ते एका समीक्षकाने. ते वर्तमानपत्रात ऑपेरावर सदर लिहीत. ऑपेरा म्हणजे माणसं ज्यात भांडतात, रुसतात आणि मरतात तीही गातगातच, असं नाटक. माझ्या मालकांना गाण्यातलं बेताचंच कळे, पण ते चिमटे मात्र झकास काढत. म्हणून थिएटरातले लोक पाठीमागे त्यांना चिमटेबुवा म्हणत आणि पुढे आले की खुर्ची पुसून देत.

ते लिहीत त्याचा कच्चा माल मीच पुरवत असे. नायकाचा टोप घसरला, मी दाखवला. प्रेमगीत गाताना नायक-नायिका एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, हेही मीच दाखवलं. मग सदरात यायचं, "नायक मरताना इतका वेळ गात होता, की एखाद्या वारसाचा धीर सुटला असता." सगळं गाव हसायचं, आणि मला वाटायचं, वा, काय आपला रुबाब!

चिमटेबुवांची एक खोड होती. पडदा वर जाईपर्यंत ते उपाहारगृहात उभे राहून कुचाळक्या गोळा करायचे आणि खेळ सुरू झाल्यावर आत यायचे. मध्यंतरात घरी जायचे. "पहिला अंक पाहिला की दुसरा लिहिता येतो," असं ते म्हणत.

एका रविवारी दुपारच्या खेळाला मोठ्या गायिकेचा, म्हणजे सगळे जिला बाईसाहेब म्हणत तिचा, घसा बसला. ऑपेरात अशा वेळी एक रीत असते. नायिका रंगमंचावर नुसता अभिनय करते, ओठ हलवते, आणि तिचं गाणं दुसरी कुणीतरी विंगेत उभी राहून गाते. पडदा उघडण्याआधी तसं जाहीर करतात. त्या दिवशीही केलं. आम्ही तेव्हा उपाहारगृहात होतो.

विंगेत उभ्या होत्या त्या कोरसमधल्या ताई. कोरस म्हणजे घोळक्याने गाणारी मंडळी, ज्यांची नावं कुणी विचारत नाही. कंपनीच्या मालकांनी त्यांना सांगितलं होतं, "आज निभावून न्या. पेपरात नाव चांगलं आलं, तर पुढच्या हंगामात तुम्हाला स्वतंत्र भूमिका." ताईंनी अशी संधी मिळायची वाट बघत अर्धं आयुष्य घोळक्यात काढलं होतं. त्या जीव ओतून गायल्या.

चिमटेबुवांनी मला डोळ्यांना लावलं आणि पडद्याच्या फटीतून त्यांना ताईंचं उघडं तोंड दिसलं. चेहरा मी अगदी स्वच्छ दाखवला. तिथेच ते फसले.

दुसऱ्या दिवशी सदर आलं. वर लिहिलं होतं, "बाईसाहेबांचा आवाज इतका गोड आजवर कधी लागला नव्हता." आणि खाली, "विंगेत मात्र कोरसमधली एक तोंडपाटलीण नायिकेची नक्कल करत नुसतंच तोंड उघडत-मिटत होती. स्वप्नाला तिकीट लागत नाही!"

एकाच आवाजाला डोक्यावर घेतलं आणि त्याच आवाजाच्या बाईला पायदळी तुडवलं. खेळ पाहिलेले थोडे होते, पेपर वाचणारे पुष्कळ. ताई रस्त्यातून निघाल्या की लोक एकमेकांना कोपरखळी मारू लागले, "ती बघ तोंडपाटलीण!"

खरं काय ते कळल्यावर चिमटेबुवांच्या तोंडचं पाणी पळालं. मला हातात घेऊनच ते ताईंच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, शिवणाच्या मशीनवर बाईसाहेबांचाच झगा पडलेला. ताईंचे यजमान कंपनीचे शिंपी.

"झगा मी शिवला, गाणं हिने गायलं, आणि नाव झालं त्यांचं," ते म्हणाले. "आमच्या घराने एवढा मोठा आहेर आजवर कुणाला केला नव्हता हो!"

चिमटेबुवांनी मान खाली घातली. "ताई, माझं चुकलं. काय करू सांगा."

"माझ्यावर दोन शब्द चांगले लिहा, असं मी म्हणत नाही," ताई म्हणाल्या. "ते तुम्ही लिहिलेच आहेत. फक्त त्यांच्याखाली माझं नाव घाला. नाव आलं तर मालक मला भूमिका देतील."

"येत्या सदरात घालतो. शब्द देतो." ते खरंच कळवळून बोलले. आणि त्या गडबडीत मला टेबलावर विसरून गेले.

पुढचं सदर ताईंच्या सासूबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात बाईसाहेबांच्या कुत्र्यावर मजेदार मजकूर होता. ताईंवर अक्षर नव्हतं. त्याच्या पुढच्यातही नव्हतं. चूक कबूल केली असती, तर आपण उशिरा येतो आणि आपल्याला आवाज ओळखता येत नाही, हे चिमटेबुवांना छापावं लागलं असतं. जन्मभर दुसऱ्यांना हसवलं, स्वतःवर हसू घ्यायची वेळ आली आणि हात आखडला. ताईंची भूमिका दुसरीला गेली. "लोक हसतील हो," एवढंच कंपनीचे मालक म्हणाले.

मला न्यायला चिमटेबुवा आजवर आलेले नाहीत. कोणत्या तोंडाने येतील?

"विकून टाक ती," सासूबाई एकदा करवादल्या. "तेवढीच भरपाई!"

"असं कसं, आई? दुसऱ्याची वस्तू आहे. ओरखडा पडला तर काय उत्तर देऊ?" ताई म्हणाल्या आणि झग्याच्या उरलेल्या मखमलीत त्यांनी मला गुंडाळून ठेवलं.

मित्रांनो, त्या मखमलीत मला झोप लागत नाही. मला सांभाळा, माझ्यावर धूळ बसू देऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते या घरात न सांगता होतं. मी एवढंच मागते, की दुसऱ्याची वस्तू जपता, तसं दुसऱ्याचं नावही जपा. हसण्याआधी विचारा, कोण गात होतं.

ताई अजून घोळक्यातच गातात. सुट्टीच्या दिवशी त्या मला बाहेर काढतात, भिंगांवर हळूच फुंकर घालतात आणि पुसता पुसता तेच नायिकेचं गाणं गुणगुणतात. त्यांचा चेहरा अगदी जवळ असतो. तेव्हा मित्रांनो, मी दुर्बीण असूनही कुठे बघावं ते मला कळत नाही.