सई उठेपर्यंत

अशी एक खोली डोळ्यांसमोर आणून बघा. खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे आहेत, पंखा संथ फिरतो आहे आणि जमिनीवरच्या सगळ्या सतरंज्या गुंडाळून झाल्या आहेत, फक्त एक सोडून. त्या एका सतरंजीवर साडेतीन वर्षांची मुलगी झोपली आहे, आणि तिला कुणीही उठवत नाही.

शशिकलाबाईंनी ठोकळ्यांची पेटी उचलली. एरवी ती त्या फरफटत कोपऱ्यात न्यायच्या. आज दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेली आणि आवाज न करता खाली ठेवली. बाहेर व्हरांड्यात अनुष्का एकेका मुलाला त्याच्या आईच्या हाती देत होती. ओठांवर बोट ठेवून. मुलांनाही काय वाटलं कोण जाणे, ती आज चपला हातात घेऊन पायऱ्या उतरली.

सई अजून झोपलेली होती. आणि सईची आई, माधुरी, आता येणार नव्हती.

फोन आला तेव्हा शशिकलाबाई दुधाचे पेले विसळत होत्या. कळंबोलीहून कुणी अनोळखी माणूस बोलत होता. स्कूटरला मागून ट्रेलरचा धक्का लागला होता. चालवणारी बाई जखमी होती, मागे बसलेली जागीच गेली. तिच्या फोनवर शेवटचा नंबर हा होता, म्हणून त्यानं तो लावला होता. "तुम्ही तिच्या कोण?" त्यानं विचारलं. तिची मुलगी माझ्याकडे आहे, शशिकलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी माधुरीच्या भावाचा नंबर शोधून दिला, नळ बंद केला, आणि खोलीत येऊन आधी सईकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बरं झालं, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेव्हापासून त्यांनी एकही वस्तू आपटू दिली नव्हती.

नवीन पनवेलच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर शशिकलाबाई बालवाडी चालवत त्याला बरीच वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत रडणाऱ्या मुलाला रमवायची त्यांची एक रीत होती, सगळ्यांचीच असते ती. आईनं मुलाला आत आणायचं, बाईंनी त्याला खिडकीशी न्यायचं, "ती बघ, ती बघ माऊ," म्हणायचं, आणि तेवढ्यात आईनं मागच्या दारानं निघून जायचं. मूल मागं वळून बघायचं तेव्हा दारात कुणी नसायचं. थोडा वेळ आकांत व्हायचा, मग थांबायचा. थांबला म्हणजे मूल रमलं, असं बाई समजत.

मग दुसरी शिक्षिका म्हणून अनुष्का आली. तिनं परदेशातल्या शिक्षकांबरोबरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला होता. एका शनिवारी तिनं पालकांना बसवून तिकडच्या एका बालवाडीचं चित्रण दाखवलं. थंडीचा देश, बाहेर बर्फ, आणि एक बाप गुडघ्यांवर बसून आपल्या लेकीला सांगतोय की मी आता जातो, तू सूप प्यालीस की येतो. मुलगी रडली. बापानं तिला रडू दिलं, पण चुकवून गेला नाही. आणि सूप संपल्यावर तो खरंच दारात उभा होता. अनुष्कानं सांगितलं, जगभर आता हेच मानतात. मुलाला घड्याळ कळत नाही, पण आपला दिवस कळतो. म्हणून त्याच्या दिवसातली खूण सांगायची, आणि ती पाळायची. पळून जाणारी आई मुलाला एकच गोष्ट शिकवते, की नजर हलली की आपलं माणूस नाहीसं होतं.

मागच्या रांगेतले कुमार नावाचे पालक म्हणाले होते, "मॅडम, इथे बायको मला सांगून जात नाही, मुलीला कुठे सांगून जाणार?" सगळे हसले होते. शशिकलाबाई हसल्या नव्हत्या. आपण मागच्या दाराशी किती मुलांना शोधत ठेवलं, हे त्या मोजू पाहत होत्या आणि ते मोजता येत नव्हतं.

त्या दिवसापासून मागचं दार बंद झालं.

या रीतीचा सर्वांत जास्त उपयोग झाला तो सईला. माधुरी शिरढोणहून यायची, कळंबोलीपलीकडच्या गोदामात पॅकिंगला होती, नवरा वेगळा राहत होता. सई महिनाभर घसा बसेपर्यंत रडली होती. नव्या रीतीनं माधुरी पहिल्या दिवशी गुडघ्यांवर बसली तेव्हा तिलाच लाज वाटली, पदर तोंडाला लावून हसली ती. पण म्हणाली, "झोपून उठलीस ना, की मी." आणि सई दुपारी उठली तेव्हा माधुरी उंबऱ्यात बसली होती. दुसऱ्या दिवशीही. हळूहळू सई जेवण झालं की आपली सतरंजी आपणच पसरू लागली. इतर मुलांना झोपवावं लागे. सई झोपायची घाई करी.

एकदा माधुरी म्हणाली होती, बसचा काही नेम नाही बाई, कधी उशीर झाला तर? शशिकलाबाईंनी तिला समजावलं होतं, की मग उशिराची खूण सांग, पण जी सांगशील ती मोडू नकोस. माधुरीनं मान डोलावली होती. उशिराची खूण तिनं कधी सांगितली नाही. लेकीला उठल्याबरोबर आपण दिसावं, याचं तिलाच वेड लागलं होतं.

आज दुपारी तिचा फोन आला होता. बस आली नाही, पण कामावरच्या एकीची स्कूटर आहे, मागे बसून येते. सई उठली का? शशिकलाबाईंनी खोलीत डोकावून पाहिलं होतं आणि जे दिसलं ते सांगितलं होतं.

"चुळबुळतेय. ये लवकर."

आता त्या सईच्या पायाशी बसल्या होत्या. सगळी मुलं गेली होती. अनुष्का दाराला टेकून उभी होती, तिचे डोळे सुजले होते.

"बाई, तिला खरं सांगायला हवं," ती हळू म्हणाली. "साध्या शब्दांत. झोपली, देवाघरी गेली, असं काही सांगायचं नाही. मुलं मग झोपेला घाबरतात."

 शशिकलाबाईंनी सईच्या अंगावरची चादर सारखी केली, जी सारखीच होती.

फाटकाशी मोटरसायकल थांबली. माधुरीचा भाऊ भरत आत आला. त्याच्या शर्टावर ओलं होतं, कुठंतरी तोंड धुऊन आला असावा. तो सरकारी दवाखान्यातून येत होता. त्यानं भाचीकडे पाहिलं आणि तो पुन्हा व्हरांड्यात गेला. शशिकलाबाई त्याच्यामागे गेल्या. तो सांगू लागला, घरात आत्ता रडारड हाय, पोरीला तिथं नेणार नाय. ओवे गावात माझ्या सासुरवाडीला ठेवतो. बारावं झालं की बघू.

"आणि तोवर तिला काय सांगणार?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"काय सांगायचाय? आई गावाला गेली. आमच्यात असंच सांगतात. लहान हाय, विसरंल."

"ती विसरत नाही, भरत. ती वाट बघते."

भरतनं मान वर केली. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"तुमी बोलू नका बाई. ती पळत यायची ती तुमच्यापायी. घरी सांगायची आमाला, बाईंनी सांगितलंय, शब्द मोडायचा नाय. आमची आई आमाला रडत टाकून खाडीवर मासळीला जायची. आमी मेलो काय?"

अनुष्का काही बोलायला पुढे झाली. शशिकलाबाईंनी हात आडवा धरला. या बोलण्यात खोटं काही नव्हतं, आणि त्याला द्यावं असं उत्तर कुठल्याच देशातून त्यांच्याकडे आलेलं नव्हतं. तिकडचा तो बाप बर्फातून चालत आला असेल, कदाचित पुढच्याच गल्लीतून. माधुरी आणि तिच्या शब्दाच्या मध्ये हमरस्ता होता. हे चित्रणात नव्हतं, आणि त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"तुमी उठवा तिला," भरत म्हणाला. "माझ्याच्यानं नाय होणार."

शशिकलाबाई आत आल्या. बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. त्या सईजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत होते, तरी मांडी घालून बसल्या. आणि तेव्हा त्यांना चादरीबाहेर आलेली सईची पावलं दिसली.

झोपलेल्या मुलाची पावलं सैल असतात, बाहेरच्या बाजूला कललेली. रोज दुपारी त्या पावलांच्या रांगांमधून फिरणं हेच त्यांचं काम होतं. सईच्या पायांची बोटं आत वळवून घट्ट आवळलेली होती.

ती केव्हापासून जागी होती? भरत बोलत होता तेव्हा? की त्याच्याही आधी, अनुष्का बोलली तेव्हा? का कळंबोलीचा फोन येण्यापूर्वीच तिनं एकदा डोळे किलकिले केले होते, उंबऱ्यात कुणी नाही असं पाहिलं होतं, आणि पुन्हा मिटून घेतले होते?

दारातून भरत बघत होता. 'गावाला गेली' एवढे दोनच शब्द. इतकी वर्षं त्या खिडकीशी उभ्या राहून त्यांनी नसलेली मांजर कितीतरी मुलांना दाखवली होती. हे त्याहून अवघड नव्हतं. शशिकलाबाईंनी सईच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ होती.

"सई," त्या म्हणाल्या, "तुला एक सांगायचंय. आई..."

"मी झोपलेय," सई म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"बरं."

"मी अजून उठले नाही, बाई."

 व्हरांड्यात भरत खाली बसला, तोंडावर हात धरून. पंखा फिरत होता. सईनं थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. मग डोळे न उघडता ती कुशीवर वळली, चादर ओढत, सरकत सरकत थेट भिंतीला जाऊन टेकली, आणि सतरंजीवर आपल्या शेजारी तिनं आणखी एका माणसापुरती जागा करून दिली.