सगळे ठिपके डावीकडे

वहिनी आणि नणंद एकाच प्रयोगशाळेत कामाला असू नयेत. असल्या तरी एकाच मशीनवर असू नयेत. आणि त्या मशीनसमोर खुर्चीही एकच असेल, तर मग देवच वाली. त्या दिवशी खुर्चीत वहिनी बसली होती.

घरी वहिनी थोरली, इथे नणंद. नणंद तीन वर्षं आधी लागली होती आणि तो मोठेपणा ती रोज सकाळी पांढऱ्या कोटाबरोबर अंगावर चढवायची. घरात ‘वहिनी, माझा टॉवेल कुठंय गं’ म्हणत फिरणारी ही मुलगी इथे ‘मॅडम, झालं का तुमचं?’ असं विचारायची, आणि त्या ‘मॅडम’ने वहिनीच्या कानाच्या पाळ्या तापायच्या.

फुलरीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ चेंडू. यांच्या चेंडूंच्या पोटात धातूचा एकेक अणू कोंडलेला होता. असे चेंडू सोन्याच्या गुळगुळीत पृष्ठावर पसरायचे, हवा काढून टाकलेल्या गारठ्यात ठेवायचे आणि एक सुई न टेकवता त्यांच्यावरून फिरवायची. सुईतून झिरपणारी वीज मोजत मोजत पडद्यावर चित्र उतरतं. आतला धातू मधोमध बसतो की एका अंगाला, हे वहिनीला शोधायचं होतं.

आणि परवा तिला ते सापडलं. प्रत्येक चेंडूवर, डाव्या बाजूला, एक लख्ख ठिपका. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी पाठ थोपटली, आज संध्याकाळी शोधनिबंध पाठवायचं ठरलं, पहिलं नाव वहिनीचं. जन्मभर कुणाच्या तरी मागून दुसरी आलेली ती, दोन दिवस जमिनीवर नव्हतीच.

नणंदेने चित्र पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “सगळे ठिपके डावीकडेच? चेंडू काय कवायतीला उभे आहेत?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग नणंदेच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. चेंडू पडतात ते कसेही पडतात, कुणी उताणा, कुणी पालथा. सगळ्यांची तोंडं एकीकडेच दिसत असतील तर खोट चेंडूत नाही, सुईत आहे. सुईला दोन टोकं फुटली की प्रत्येक गोष्टीशेजारी तिची सावली उमटते, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. वहिनीने ऐकवलं, सोन्याच्या अणूंच्या रांगाच त्यांना एका बाजूला वळवत असतील, आणि काहींना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही. सरांनी कपाळाला हात लावला, काय ते संध्याकाळच्या आत ठरवा म्हणाले, आणि सटकले.

“ऊठ,” नणंद म्हणाली. “सुई सोन्यात खुपसून नवी करते. मग कळेलच.”

वहिनी उठली नाही. इथला रिवाज साधा होता: बटणावर ज्याचा हात, चित्र त्याचं. उठली तर पुढे जे दिसेल ते नणंदेचं. बसून राहिली तर आपल्याच चित्राचा गळा आपल्याच हाताने दाबायचा, कारण एकदा खुपसलेली सुई पहिल्यासारखी होत नाही.

आणि एक गोष्ट तिलाच ठाऊक होती. गुळगुळीत म्हटलं तरी सोन्याच्या पृष्ठावर अणूभर उंचीच्या पायऱ्या असतात, आणि मूळ चित्रात त्या पायऱ्यांच्या कडाही दुहेरी आल्या होत्या. परवा निबंधासाठी चित्र कापताना तिने त्या नेमक्या बाहेर ठेवल्या होत्या. सोनंच तसं असेल, असं मनाला सांगून.

“हात लावू नकोस,” ती म्हणाली आणि सुई स्वतःच खुपसली.

चित्र एकेक ओळ खाली उतरू लागलं. दोघी एकमेकींकडे न बघता पडद्याकडे बघत राहिल्या. पायरीची कड आली, एकेरी. मग चेंडू आले, गोल, स्वच्छ. ठिपका एकावरही नव्हता.

नणंद हसली नाही. वहिनीला तेच जास्त झोंबलं.

“सरांना मी सांगते,” नणंद फोन काढत म्हणाली. “पकडलं मी.”

“माझं चित्र होतं. मोडलंय पण मीच. सांगणार मीच.”

“मी बोलले नसते तर पाठवलंच असतंस.”

“हो. पाठवलं असतं. तेही सांगते.”

आणि तिने सांगितलं, नणंदेसमोर, फोनचा आवाज मोठा करून. कापलेल्या कडांसकट. सर म्हणाले, निबंध थांबला. मशीन उद्यापासून तुझ्या नणंदेकडे.

“आज?” वहिनीने विचारलं.

आज तुझंच, ते म्हणाले.

फोन ठेवून तिने सुई आणखी टोकदार व्हावी म्हणून पुन्हा खुपसली आणि पृष्ठाचा नवा कोपरा शोधायला घेतला. नणंद अजून उभीच होती. घरी जेवायला येणार आहेस ना, तिने विचारलं, आणि त्यात माया कमी, उद्याची घाई जास्त होती.

“तुझ्या भावाला सांग, वाट बघू नकोस म्हणावं. तूही बघू नकोस.”

नणंदेने जाताना दार असं आपटलं की सुई हादरली आणि पडद्यावरची ओळ वेडीवाकडी झाली. वहिनीने ती पुसली आणि वरून पुन्हा सुरू केलं.