मेंढरांच्या चालीनं तीर्थपुरीला

भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता आणि बेबीनंदाच्या हातात निळा दोरा. हसनाबादवर एक टाचणी, राजूरवर दुसरी, मग जालना, अंबड, आणि पार खाली गोदावरीच्या अंगाला तीर्थपुरी. रस्ता जिथं वळला तिथं तिनं दोराही वळवला, पोलक्याच्या गळ्याची गोलाई मोजावी तितक्या मायेनं. मग दोरा सरळ केला, टेपेवर धरला आणि पाटीवर हिशेब मांडला.

"सहा दिवस," ती म्हणाली. "रोजचे वीस किलोमीटर."

"आणि रोजचं जेवण?" आशाबाई वहिनीनं चुलीपासून विचारलं. "का दोराच खाऊन राहणार हायेस?"

बेबीनंदा हसली. तिसऱ्या वर्षी पोलिओनं तिचे दोन्ही पाय नेले, तेव्हापासून घरातली सगळी ताकद तिच्या हातांत येऊन बसली होती. हातानं चालणाऱ्या शिलाई मशीनवर तिनं अर्ध्या हसनाबादचे कपडे शिवले होते. दोन वर्षांमागं जालन्याच्या शिबिरात तिला तीनचाकी सायकल मिळाली. छातीसमोरचे दोन दांडे हातानं फिरवायचे, की चेन पुढचं चाक ओढायची. त्या दिवसापासून गावात तिच्या हाका वेशीपासून ऐकू येऊ लागल्या.

दिवाळीआधी जालन्याला अपंगांचा मेळावा झाला. तिथं तीर्थपुरीच्या एका नव्या वसतिगृहाच्या बाई भेटल्या. चाळीस मुलं, सगळी हातापायांनी अधू, आणि थंडीत अंगाखाली नुसती सतरंजी. बेबीनंदा बोलून गेली, "चाळीस गोधड्या मी आणते. गावोगाव जुनी लुगडी मागत, माझ्या सायकलवर." बाईंनी तिचा हात हातात घेतला. आता शब्द गेला होता आणि थंडी वाट बघत नव्हती.

आडवा आला तो भाऊ, सर्जेराव.

"एस्टीनं जा ना. मी पोत्यात भरून देतो लुगडी."

"दादा, एस्टीत मला दोघं उचलून चढवतेत, दोघं उतरवतेत. आजवर मला नेलं, आणलं, ठेवलं. म्या स्वतःहून गेले, असं एकदा तरी म्हणू दे."

"आणि रस्त्यात काही झालं मंग? रात्री कुठं झोपशील? कोण हाय तिकडं आपलं?"

सर्जेराव वाईट माणूस नव्हता. लहानपणी तिला पाठकुळी घेऊन शाळेत नेता नेता त्याच्या पाठीला तिची सवय झाली होती. शेवटी त्यानं एक अट घातली.

"राजूरपर्यंत जा आणि दिवस मावळायच्या आत आपल्या हातानं घरी ये. जमलं तर तीर्थपुरी. न्हाई जमलं तर मशीनवर बस, बिलकुल नाव काढायचं न्हाई."

"बराबर," बेबीनंदा म्हणाली.

सोमवारी उजाडताच ती निघाली. मळ्यांवर तुरीची फुलं पिवळी झाली होती. हात दांड्यावर, दांडे चेनीवर, चेन चाकावर, असं एकात एक गुंतून सगळं गाणं म्हणत चाललं. राजूर कधी आलं ते तिलाच कळलं नाही. दहा वाजले नव्हते. दोरा खरा ठरला होता.

घोटाळा परतीच्या वाटेवर झाला.

तिचा विचार साधा होता. वाटेतल्या वस्त्यांवर थांबायचं, एकेक जुनं लुगडं मागायचं, सवयही होईल. पहिल्या वस्तीवर तिनं मागितलं एक, आली नऊ. नऊजणी नऊ लुगडी घेऊन आल्या आणि सोबत नऊ सुपं. लेकरांसाठी दारोदार निघालेली बाई, तिला रिकामं कसं धाडायचं? शिदा दिलाच पाहिजे. ज्वारी, तुरीची डाळ, गुळाचा खडा.

"मावशी, मला फक्त लुगडं पायजे."

"अगं, शिद्याला न्हाई म्हणती का? आमचं घर काय ओस पडलं?"

पुढल्या वस्तीवरही तेच. शिद्याला नाही म्हणणं म्हणजे देणारीच्या तोंडावर तिचं दार लावणं, हे बेबीनंदाला आईच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक. तिनं घेतलं. एका म्हातारीनं तर भोपळ्याचं डांगर आणलं, चांगलं घागरीएवढं, आणि ते तिच्या मांडीवरच ठेवलं.

"आजी, दांडे कसे फिरवू मी?"

"डांगराच्या वरून फिरव," आजी म्हणाली.

हसनाबादच्या अलीकडच्या चढावर सायकल थांबली. दोन्ही हातांचा जोर लावला, चाक वीतभर पुढं गेलं, हातभर मागं आलं. तिनं ब्रेक दाबला आणि तशीच बसून राहिली. खांदे पेटले होते. सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला होता. घर त्या चढाच्या पलीकडंच होतं, आणि चढ हलत नव्हता. दोऱ्यानं वळणं सांगितली होती. चढ सांगितला नव्हता, आणि लोकांची माया तर नकाशावर छापलेलीच नव्हती.

मागून घुंगरांचा, खुरांचा आणि धुळीचा लोंढा आला. मेंढरं सायकलच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली. त्यांच्या मागं सामानानं लादलेली घोडी, घोडीमागं रखमाजी धनगर आणि त्याची बायको दुर्गाबाई.

"काय पोरी, दुकान लावलंस का रस्त्यात?" रखमाजीनं विचारलं.

"मामा, ढकलू नका. हातानंच जायचंय मला," ती घाईनं म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. अट, शिदा, डांगर. सांगता सांगता रडू यायला हवं होतं, पण डांगरापाशी आली आणि तिला हसूच फुटलं.

दुर्गाबाईनं लुगडी, शिदा, डांगर सगळं उचललं, घोडीवर टाकलं. रखमाजी मात्र चढाकडं बघत उभा होता.

"सरळ काहून चढून राह्यली?"

"मंग कसं चढू?"

"मेंढरू बघ की. मेंढरू चढ कधी सरळ चढतंय का? आडवं जायचं, वळायचं, पुन्हा आडवं. रस्ता सरकारी हाय, रुंद हाय. वापर सगळा."

तिनं सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी घातली. वळवली. पुन्हा आडवी. शिवणीवर उलटसुलट टाका घालावा तशी तिची वाट चढावर उमटत गेली. मेंढरं पुढं, घोडी मागं, ती मधे. माथा आला तेव्हा सूर्य अजून अर्धा वर होता. तिथं सर्जेराव आपली दुचाकी सायकल धरून उभा होता, तिला शोधायला निघालेला. घामानं डबडबलेला, बहिणीहून जास्त.

"सामान घोडीवर आलं," तो म्हणाला.

"अट सामानाची न्हवती, दादा. माझी होती."

"आणि पुढं? प्रत्येक चढाला घोडी कुठून आणशील?"

"हीच," दुर्गाबाई म्हणाली. "हसनाबादला दोन राती शेतात मेंढरं बसवायची, मंग माघारी फिरून गोदावरीकडंच चाललो आम्ही. दर साली जातो. चार महिने तिकडंच आमचं."

मग रस्त्याच्या कडेलाच बेत ठरला. रखमाजीनं काठीनं धुळीत रेघ ओढली. त्याच्या रेघेवर गावं कमी आणि रानं जास्त होती. इथं पाणी. इथं उतार, ब्रेक बघून घे. इथल्या काकासाहेबाच्या शेतात मेंढरं बसवायची, खतासाठी तोच आधी सांगून ठेवतो, राती ज्वारी देतो. तीर्थपुरीला पंधरा मुक्काम.

"पंधरा? मी सहात जाईन म्हणत होते."

"जा की सहात. लुगडी घेऊन पळ. शिवणार कधी?"

हे बेबीनंदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. लुगडी नेऊन चाळीस लेकरांच्या अंगावर काय टाकणार होती? पंधरा मुक्काम म्हणजे पंधरा संध्याकाळी. गावातल्या बाया येतील, थर लावतील, चौघी चार कोपरे धरतील. तिच्या ओठांवर आपोआप आलं:

*लुगडं फाटलं गं बाई, फाटलं तरी ऊब,*
*थरावर थर घालू, टाके मारू खूब.*

"आणि शिदा?" सर्जेरावानं शेवटची अडचण काढली.

"शिदा आम्ही खाऊ," रखमाजी म्हणाला. "त्याची तू बिलकुल काळजी करू नको."

सर्जेराव दुर्गाबाईकडं वळला. "मामी, ती तुमच्याजवळच झोपल ना?"

"माझ्याच वाकळीत. लाथा मारती का?"

"पाय कुठं हायेत मारायला," बेबीनंदा म्हणाली, आणि सर्जेराव त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. सर्जेरावानं चेनीला तेल घातलं, हवा तपासली, पुन्हा तपासली. आशाबाईनं भाकरी बांधून दिल्या आणि स्वतःचं लग्नातलं, आता विरलेलं हिरवं लुगडं सगळ्यांत वर ठेवलं.

वेशीबाहेर सपाट रस्ता लागला आणि बेबीनंदाचे हात सुटले. मेंढरं मागं राहिली. घोळक्यातल्या म्होरक्या मेंढ्यानं मान वर केली, पुढं पळणाऱ्या तीन चाकांकडं पाहिलं आणि काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, सायकलमागं धावत सुटला. त्याच्यामागं सगळा कळप.

तिनं मागं बघून सायकल थांबवली. दोनशे मेंढरं थांबली.

"थांबू नको!" रखमाजी धोतर सावरत पळत ओरडला. "अगं, तू थांबली की ते थांबतेत! चल, चल!"

सर्जेराव तिला ओढ्यापर्यंत पोचवायला आला होता. ओढा मागं पडला. पुढचं लिंबाचं झाडही मागं पडलं. आपली दुचाकी ढकलत तो चालतच होता.

"दादा, जा आता घरी."

"हां, हां. त्या वळणापर्यंत."

वळण आलं. तो उभा राहिला. धुळीत त्याला काहीच दिसेना, नुसती घुंगरं ऐकू येत होती, आणि त्यांच्याही पुढून, चेनीच्या कुरकुरीतून, बहिणीचा आवाज मेंढरांना ओरडत होता, "जल्दी चला रे, जल्दी!"