कोडीची नोकरी आणि रोशेलचा स्वभाव

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या पॅरोल कार्यालयात रोशेल टिब्स निर्धास्त बसली होती. दुकानातून कपडे धुण्याच्या साबणाचे डबे उचलून विकताना ती पुन्हा सापडली होती. पॅरोल, म्हणजे शिक्षा संपण्याआधी अटींवर मिळालेली सुटका, रद्द झाला तर तुरुंग, आणि लेक सरकारच्या ताब्यात. पण निर्णय देणाऱ्या पॅरोल मंडळापुढे बोलणार होत्या तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या डेल्फीन गेदर. तिच्यासारख्याच काळ्या, एकाच चर्चमधल्या. "घाबरतेस काय? मी आहे ना!" असं त्यांनीच सांगितलं होतं.

आधी गोऱ्या कोडी रॅन्समची पाळी आली. त्याचाही गुन्हा तोच, तोही पुन्हा केलेला. त्याच्यावरही देखरेख ठेवणाऱ्या डेल्फीनबाई म्हणाल्या, "गोदामातली नोकरी गेली, त्यात दारू. बिचारा खचलाय, उपचार द्या." मंडळाने मान्य केलं.

मग रोशेल.

"हिचा स्वभावच तसा. कुणातरी पुरुषाच्या नादी लागते, पोरीचीही पर्वा नाही."

जुन्या गुन्ह्यापायी हॉटेलातली साफसफाईची नोकरी गेली, हे रोशेलने बाईंनाच रडत सांगितलं होतं. आणि पुरुष? तिच्या घरात कुणी नव्हताच! कुंपणानंच शेत खाल्लं!

मंडळाचा विचार चालू असताना रोशेलसोबत आलेल्या अर्लीन आजींनी बाईंना बाहेर गाठलं. चर्चमध्ये सगळे त्यांना मानानं 'मदर' म्हणत.

"काय गं डेल्फीन, कोडीची नोकरी गेली तर परिस्थिती, आणि हिची गेली तर स्वभाव?"

"मदर, तुम्हाला ऑफिसातलं काय ठाऊक? काळ्या बाईसाठी बोलले की टोमणे मारतात, 'आपल्या माणसांना सांभाळते' म्हणून!"

"म्हणून आपल्यांनाच जास्त सोलायचं? आणि तो पुरुष कुठून आणलास? बाई चुकली की मागे बाप्या असणारच, होय ना?"

"सवयीनं बोलून गेले."

"तुझ्या सवयीपायी एक पोर आईवाचून राहील!"

बाई तशाच आत जाऊन मंडळाला म्हणाल्या, "मघाशी मी चुकीचं सांगितलं. कोडीसारखीच हिचीही नोकरी गेलीय. तो पुरुष माझ्या डोक्यातला!"

काम मिळवण्याच्या अटीवर मंडळाने रोशेलला सोडलं. दाराशी बाईंनी हात पुढे केला. तिने तो धरला नाही.

"खरं बोललात, उपकार नाही केलेत. तुमच्या भरवशावर, घरी परत येणारच म्हणून, सकाळी मी पोरीला नीट जवळसुद्धा घेतलं नाही."

वाचकहो, चोरी माफ करा असं कुणी म्हणत नाही. पण कुणी पुन्हा चुकलं की आपण आधी कातडीचा रंग बघतो, बाई की बाप्या ते बघतो, आणि मग कारण ठरवतो. सगळ्यांना एकाच मापानं मोजा. नाहीतर पुन्हा पुन्हा गुन्हा करणारे आपणच!