लंबूच्या नावाचा खांदा

नर्सने लंबूचं नाव पुकारलं आणि आमचे हे बाकावरून उठले.

"अहो, बसा. तुम्हाला नाही बोलावलं," मी म्हणाले.

"मलाच बोलावलंय. तू गप्प राहा."

उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरलेला, कपाळावर घाम, गुडघ्यांना मैदानाची माती. शेजारी सेक्रेटरी उभे होते, डब्यांच्या कारखान्याच्या व्हॉलीबॉल टीमचे. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात लंबूचं ओळखपत्र होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मैदानात माझा नवरा लंबू म्हणून उतरला होता, आता दवाखान्यातही तो लंबूच राहणार होता.

लंबू कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर काम करतो. उंची बघून सेक्रेटरींनी त्याला टीममध्ये घेतला, पण चेंडू अंगावर आला की हा बाबा डोळे मिटून घ्यायचा. स्पर्धा कारखान्यांची, खेळायचं फक्त कामगारांनी, असा नियम. आमचे हे कामगार नव्हेत, रंगारी. घरं रंगवायचे. म्हणून लंबूचं ओळखपत्र घेऊन हे खेळायचे. त्यावरचा फोटो इतका जुना, की लंबू, आमचे हे किंवा खुद्द सेक्रेटरी, कोणीही खपून गेलं असतं. समोरच्या टीमलाही ठाऊक होतं. तेही कुणाकुणाला आणून उभे करायचेच, त्यामुळे बोलणार कोण?

लोक यांना 'तोफ' म्हणायचे. लिफ्टरने चेंडू वर दिला की हे अशी उडी घ्यायचे आणि हात असा उगारायचे, की समोरचे दोघं आधीच मागे सरकायचे. तोच हात छताला रोलर मारायचा. छत रंगवण्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बाकीचे रंगारी मान दुखते म्हणून छताला नाकं मुरडतात, हे मात्र वर बघून शीळ घालत खोलीच्या खोली उरकायचे. हातावर पोट म्हणतात ते आमच्या बाबतीत अक्षरशः त्या एका हातावर होतं.

आणि असं असूनही दरवर्षी त्या कारखान्यासाठी फुकटात खेळायचं! का, तर सेक्रेटरी म्हणायचे, "तोफ, पुढच्या भरतीत तुझं नक्की. साहेबांच्या कानावर घातलंय." साहेबांचे ते कान किती वर्षं भरत होते कोण जाणे. सेक्रेटरी यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचे आणि हे शिडीशिवाय चढायचे. मला राग यायचा. पण खोटं कशाला बोलू? मैदानाभोवती उभे राहून लोक "तोफ! तोफ!" ओरडायला लागले की माझाही ऊर भरून यायचा. रंगाऱ्याला एरवी कोण हाका मारतं? फरशीवर थेंब सांडला तर तेवढ्या मारतात.

माझा धाकटा भाऊ विमा एजंट आहे. आमच्या नातेवाइकांत तो आला की लोकांना अचानक बाहेरची कामं आठवतात. यांनाही आठवायची. पण एका रविवारी यांचा पाय मुरगळला होता, पळता येईना, आणि भावाने गाठलं.

"दाजी, तुम्ही खेळता. अपघाताचा विमा घ्याच."

"म्हणजे मी मेल्यावर तुझी बहीण मजा करणार."

"मेल्यावरचं राहू द्या हो. खेळणारा माणूस मरत नाही, मोडतो. हात मोडला, गुडघा गेला, तर दवाखान्याचं बिल निघतं, आणि काम बंद असेल तेवढे आठवडे घरात काहीतरी येत राहतं. नोकरीवाल्याला रजा तरी असते. तुम्हाला काय आहे?"

"आम्हाला कारखान्याचा विमा आहे की. अख्खी टीम आहे त्यात. सेक्रेटरींनी सांगितलंय."

"टीम आहे, दाजी. तुम्ही कुठे आहात?"

हे चिडले. लंगडत लंगडत उठले आणि बाहेर जाऊन बसले. मी भावाला म्हटलं, जाऊ दे, पुन्हा विचार. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. "खेळ म्हणजे मजा आहे रे, तू त्यात मरण कुठे आणतोस," एवढंच यांचं उत्तर.

मग तो सामना आला. नेटवर उडी घेतली, समोरचाही उडाला, हवेत दोघं आपटले आणि हे उजव्या खांद्यावर पडले. लोक आधी टाळ्या वाजवत होते. पॉइंट आपला होता म्हणे.

डॉक्टर भला माणूस होता. त्याने फोटो काढले, तपासलं आणि यांना लंबूच्या नावाने हाक मारून समजावलं, "हाड ठीक आहे. पण खांद्याचा स्नायू हाडापासून सुटलाय. लवकर ऑपरेशन करून शिवला तर हात पुन्हा डोक्याच्या वर जाईल. उशीर केलात तर तो आखडून आत ओढला जातो, मग शिवायला हाताशी लागत नाही."

"साहेब, मला वर हात लागतो," हे म्हणाले. "काम वरचंच आहे."

"पत्रा कापायला वर हात कशाला लागतो?" डॉक्टरने कागद बघत विचारलं.

सेक्रेटरींनी लगेच विषय बदलला.

बाहेर आल्यावर सेक्रेटरींनी मला धीर दिला. "वहिनी, काळजी नको. कागदावर जखम लंबूला झालीय आणि लंबूचा विमा आहे. ऑपरेशन लंबूच्या नावाने करून घेऊ. फक्त विमा कंपनीचा माणूस येऊन जाऊ दे."

भावाला कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "ताई, हे फसवणुकीत जातं. उद्या अंगाशी येईल."

"मग यांचा हात तू शिवून देतोस का?" मी त्याच्यावर खेकसले. त्याचा काय दोष होता? पण जवळचं माणूस तेवढं एकच सापडलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लंबूने हात गळ्यात अडकवला. कारखान्यात त्याची सरबराई सुरू झाली. कोणी फळं दिली, कोणी रिक्षातून घरी सोडलं, मोठ्या साहेबांनी पाठीवर थाप मारली. इकडे आमच्या घरी खरा खांदा उशीवर ठेवून खरा माणूस भिंतीकडे बघत बसला होता, आणि त्याला विचारायला काळं कुत्रं येत नव्हतं. येणार कसं? त्याला काही झालंच नव्हतं.

एके संध्याकाळी लंबू आमच्याकडे आला. गळ्यातली पट्टी काढून त्याने खिशात कोंबली आणि संकोचून उभा राहिला.

"वहिनी, विम्याचे डॉक्टर तपासायला येणारेत. कुठे दुखतं, कसं दुखतं, मला काहीच माहीत नाही हो."

"बस," हे म्हणाले. "शर्ट काढ."

आणि माझ्या नवऱ्याने त्याला खांद्याचं दुखणं शिकवलं. अगदी मन लावून, नव्या माणसाला रोलर धरायला शिकवावं तसं.

"हात समोरून वर घे. हां, इथेच थांब. याच्यावर जात नाही. चेहरा नको वाकडा करू, आधी खांदा वर येतो, मग हात. असा. बघ."

करून दाखवताना यांना खरोखरची कळ आली. तोंडातून आवाज निघाला. लंबूने तसाच आवाज काढला.

"एवढा मोठ्याने नाही रे," हे म्हणाले. "माणूस कळ गिळतो."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं. माझ्या नवऱ्याकडे नोकरी नव्हती, विमा नव्हता, स्वतःचं असं एक दुखणं होतं. तेही तो दुसऱ्याला देऊन टाकत होता, आणि नीट दिलं जावं म्हणून धडपडत होता.

लंबू उत्तम शिकला. विम्याच्या डॉक्टरसमोर त्याने कळही झकास गिळली म्हणे. पण डॉक्टरबरोबर एक शांत, चष्मेवाले गृहस्थ आले होते. त्यांनी खांद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते हजेरी कार्यालयात गेले आणि सामन्याच्या दिवशी लंबू कुठे होता ते विचारून आले.

लंबू मशीनवर होता. दिवसभर. टीम खेळायला गेली की तिची मशीनं बंद राहू नयेत म्हणून ज्यांच्या नावावर बाहेरचे खेळत, त्यांना सेक्रेटरी जादा पाळीला बसवायचे. वर्षानुवर्षं हीच पद्धत. नाव मैदानात, माणूस मशीनवर. ती सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की एकाच वेळी एक माणूस दोन ठिकाणी कसा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

विमा कंपनीने दावा फेटाळला. लंबूला कारखान्याने ताकीद देऊन बिनपगारी घरी बसवलं. सेक्रेटरींनी कानावर हात ठेवले. मी कारखान्याच्या फाटकावर गेले तर वॉचमनसमोर मला म्हणाले, "बाई, कोण तोफ? सामन्याला शंभर माणसं येतात. बाहेरचा कोणी मैदानात घुसला तर आम्ही काय करणार?"

"तुम्ही त्याला भरतीत घेणार होतात."

"कोणाला?" सेक्रेटरी म्हणाले आणि वॉचमनला फाटक लावायला सांगितलं.

लंबू येऊन दारात उभा राहून आम्हाला बोलून गेला. "तुमच्यामुळे माझ्या पोटावर पाय आला." हे म्हणाले, "चुकलं बाबा." काय चुकलं होतं यांचं? पण म्हणाले.

त्या दवाखान्यात परत जायची सोय उरली नव्हती. आम्ही सरकारी इस्पितळात खऱ्या नावाने नवे कागद काढले. तिथे पहिल्यापासून सगळं. पुन्हा फोटो, पुन्हा रांग, मोठे डॉक्टर रजेवर, मशीन बंद, पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख. शेवटी ज्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं त्यांनी फोटो उजेडाला धरून विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?"

मी खऱ्या नावाचे कागद पुढे सरकवले.

"स्नायू फार आत गेलाय," त्या म्हणाल्या. "आता शिवून उपयोग नाही. व्यायाम करा. जेवण, लिहिणं, सगळं जमेल. खांद्याच्या वरचं काम मात्र विसरा."

दोन-तीन कामं यांनी डाव्या हाताने करून बघितली. छतावर पट्टे उठले. घरमालकाने तोंडावर काही म्हटलं नाही, पुढचं काम मात्र दुसऱ्याला दिलं. मग मी लॉन्ड्रीतली इस्त्री सोडली आणि यांच्याबरोबर जायला लागले. खालची अर्धी भिंत यांची, वरची अर्धी आणि छत माझं. पहिल्या दिवशी शिडीवरून खाली बघायची सोय नाही, वर बघितलं की रंग डोळ्यांत.

"रोलर दाबू नकोस," हे खालून सांगायचे. "नुसता फिरव. वजन खांद्यातून येऊ दे."

"माझ्या खांद्यात कुठलं आलंय वजन?"

"येईल."

आलं. रात्री हात उशाशी घेता येत नव्हता इतकं आलं. हे डाव्या हाताने माझा खांदा चोळून द्यायचे. आधी शीळ घालणारा माणूस होता, ती शीळ कुठे गेली कळलंच नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवसांत आम्हाला मैदानामागच्याच इमारतीत काम मिळालं. मी छताला दुसरा हात मारत होते. खिडकीतून ओरडा आला, "तोफ! तोफ!" मी चमकून खाली पाहिलं. हे खिडकीशी गेले होते. टीमला नवा खेळाडू मिळाला होता, आणि नाव तेच ठेवलं होतं.

"कसा खेळतोय?" मी विचारलं.

"बरा आहे. पडायला शिकला नाही अजून." थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कोणाच्या नावावर खेळतोय कोण जाणे." आणि खिडकी लावून घेतली. रंगाच्या वासाने माझं डोकं उठलं होतं, तरी मी ती उघडायला सांगितली नाही.

त्या रात्री यांनी स्वतःहून माझ्या भावाला फोन केला. भाऊ सकाळी लवकर आला, आम्ही कामावर निघायच्या आत. कुणी बोलावल्यावर जायची सवय नसल्यामुळे बिचारा बावरला होता.

"दाजी, एक आधीच सांगतो. तुमचा विमा होईल, पण उजवा खांदा सोडून. आधीचं दुखणं आहे ना. त्याला काही झालं तर कंपनी देणार नाही."

"त्याला आता काय व्हायचंय?" हे म्हणाले. "आधी तुझ्या बहिणीचा काढ. ती वर चढते."

भावाने लॅपटॉप उघडला. माझं नाव, वय, सगळं त्याला पाठच होतं. "ताई, व्यवसाय? इस्त्रीच ना?"

"रंगारी," मी म्हणाले. तोंडातून पहिल्यांदाच तसं निघालं. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि टाइप केलं.

मग तो यांच्याकडे वळला. "दाजी, तुमचाही रंगारीच टाकतो."

"खोटं नको टाकू."

"खोटं कुठे? तुम्ही रंगारीच आहात."

हे शर्टाची बाही खाली ओढत उभे होते. उजव्या हाताने डावी बाही, ते जमत होतं.

"शिडी धरतो," हे म्हणाले. "तसं लिही."

भावाने मान वर केली नाही. तसंच लिहिलं.