छातीतला बर्फ

"फुंक! फुंक! आला, आला, बर्फ बाहेर आला!"

बर्फाच्या कारखान्याच्या अंगणात गर्दी नुसती उसळली होती. लाद्या ओढायचे आकडे खांद्यावर तसेच ठेवून हमाल टाचा उंचावून बघत होते. मधोमध खुर्चीवर पांढऱ्या शालीतले हिमबाबा. त्यांच्यासमोर माझी भाची, हातात काचेचा पेला आणि पेल्यात नळी. मघाशी पाणी इतकं नितळ होतं की पेल्याआडून तिची बोटं दिसत होती. पोरीनं नळीतून फुंकलं आणि बघता बघता त्याचं दूध झालं.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "हे हिम! जन्मभर बर्फाशेजारी राहिली, थंडी छातीत शिरली, तिथंच गोठली. डॉक्टरांच्या यंत्राला दिसत नाही, माझ्या पाण्याला दिसतं! फुंकत राहा, पोरी. पाणी पुन्हा नितळ झालं की छाती मोकळी!"

पोर फुंकत राहिली. ओठ पांढरेफटक पडले, मान लटपटली आणि नळी तोंडातून सुटली. पाणी पांढरं ते पांढरंच.

"बर्फ राहिला," बाबांनी सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे बोट केलं. "घरात कुणाच्या तरी मनात किंतु आहे. देवाचं गाणारी बाई तू, आणि संशय घेतेस?"

"देवावर नाही घेत, महाराज. पेल्यावर घेते," मी म्हटलं. लोक माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच पोरीच्या छातीवर बसले होते.

खरं सांगते, देवाचं नाव कानी पडलं की माझे डोळे भरून येतात. कीर्तनाला उभी राहून त्याची गोष्ट गायला लागले, की मी तहानभूक विसरते. पण माझ्या देवानं आजवर कुणाला धाप लागेपर्यंत फुंकायला लावलेलं नाही.

भाचीला सगळे भिंगरी म्हणत. शाळेच्या मैदानावर तिच्यामागे धावणाऱ्यांना फक्त तिची वेणी दिसायची. तीच भिंगरी आता अर्ध्या फेरीत कमरेवर हात ठेवून वाकायची. जिना चढताना मध्येच बसायची. वेणी घालायला हात वर केले तरी दमायची. शिक्षक म्हणाले, आळस. तिचे वडील आप्पा, म्हणजे माझे भाऊजी, याच कारखान्यात कामाला; ते म्हणाले, वय. मग बाबा आले. ज्यांचे हात रोज बर्फानं बधिर होतात, त्यांना 'छातीत बर्फ गोठलाय' हे पटायला कितीसा वेळ लागणार? पथ्य ठरलं: औषध बंद, एकदाच जेवण, बाकी कढत पाणी. पोर आणखी वाळली. एकदा मैदानावर धावता धावता कोसळली, तेव्हा मी कुणालाही न विचारता तिला उचलून समोरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. "इथे लाली हवी. हा तर कोरा कागद आहे. काय गं, सारखं काय चघळावंसं वाटतं?"

"बर्फ," भिंगरी पुटपुटली.

मी हसले. "अहो बाई, बर्फाच्या कारखान्यातली पोर. ती बर्फ नाही खाणार तर काय?"

"इथेच तुम्ही सगळे फसलात. अंगातलं लोह आटलं की काही जणांना बर्फाची, मातीची, खडूची अनावर ओढ लागते. दुसऱ्या घरात आईबाप विचारतात, ही सारखी बर्फ का खाते? तुमच्या घरात कोण विचारणार?" मग आवाज हलका करून त्या म्हणाल्या, "पाळी किती दिवस चालते?"

पोरीची मान खाली गेली. "थांबतच नाही. मला वाटलं, सगळ्यांचं असंच असतं. आई नाही. आप्पांना कसं विचारू?"

रक्त तपासलं. अंगात हवं त्याच्या निम्मंही नव्हतं. "पाळीतून रक्त जातंय, त्याबरोबर लोहही. आजच मोठ्या दवाखान्यात न्या. रक्त चढवावं लागेल. हृदय थकत चाललंय हिचं."

भाऊजी ऐकेनात. "संध्याकाळची बैठक शेवटची आहे. आज सुई टोचली तर बर्फ काळजात उतरेल, असं बाबा म्हणालेत."

"भाऊजी, अहो, पोर जाईल!"

"हिच्या आईला मोठ्या दवाखान्यातच नेली होती ना? आली परत?" म्हणत त्यांनी पोरीला हाताला धरून अंगणाकडे नेलं. मी पळत डॉक्टरीणबाईंना गाठलं.

बैठकीत भाऊजी गुडघ्यावर बसून पोरीची विनवणी करत होते, "फुंक गं, माझ्यासाठी फुंक!" तिला नीट बसवतही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी गर्दीतून येऊन तिच्या हातातला पेला काढून घेतला, बाबांच्या सुरईतलं पाणी त्यात नव्यानं ओतलं आणि स्वतः फुंकलं. दूध!

"बघा! बाईंच्या छातीतही बर्फ!" बाबा ओरडले.

"मी या कारखान्यात आज पहिल्यांदा पाऊल ठेवलं," त्या म्हणाल्या. मग सर्वांत दांडगा हमाल पुढे ओढला. त्यानं फुंकलं, दूध झालं. तो भात्यासारखा फुंकतच राहिला, मान लाल झाली, आणि हळूहळू पाणी नितळ झालं. टाळ्या पडल्या. "मोकळा झाला रे!"

"थांबा!" बाई कडाडल्या. "ही चुन्याची निवळी आहे. चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. आपण सोडतो त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड वायू असतो. तो निवळीत मिसळला की पाणी पांढरं होतं. माझ्या श्वासानं, तुमच्या, कुणाच्याही. आणखी खूप फुंकलं तर तेच पांढरं पुन्हा विरघळतं. म्हणजे ज्याचा दम मोठा तो शुद्ध, आणि ज्याला धाप लागते तो दोषी! आजारी माणूस ह्या परीक्षेत पास होणारच नाही. आता महाराजांनी फुंकावं."

"माझं आज मौन आहे," इतका वेळ ओरडणारे बाबा म्हणाले.

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊजी हसले नाहीत. पेल्याकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे मी हिला... मीच हिला फुंकायला लावत होतो?" त्याच क्षणी पोरीचं डोकं त्यांच्या खांद्यावर कलंडलं. त्यांनी तिला उचललं आणि धावत सुटले.

मोठ्या दवाखान्यात पिशवीतून रक्त थेंब थेंब उतरायला लागलं, तेव्हा भाऊजी दाराशी उभे होते. "हात जोडले तर चालेल ना?" त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"चालेल की. पण आणखी एक पिशवी लागेल. आधी एक हात इकडे द्या."

त्यांनी बाही वर केली. मोकळा हात छातीशी धरून ते देवाचं नाव घेत होते आणि दुसऱ्या हातातून लेकीसाठी रक्त जात होतं. ती वाचेल, असं अजून कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. पण आता निदान दुखणं काय, ते कळलं होतं.

मायबाप हो, धाप उगाच लागत नाही. थकलेल्या लेकराला आळशी म्हणू नका, त्याच्यात भूत किंवा बर्फ शोधू नका. त्याची पापणी बघा, रक्त तपासा, आणि जे विचारायला लाज वाटते तेच आधी विचारा. देवाला याचा राग येत नाही.