खात्याची मुदत

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी तेजस्वीनं नखानं खरवडून काढली. निपाणीतल्या त्यांच्या तंबाखूच्या वखारीत सगळ्या कॉम्प्युटरना एकच पासवर्ड होता, आणि तो चहावाल्यालासुद्धा पाठ होता.

मागं कुणीतरी वजनाच्या नोंदी बदलल्या. कुणी, हे कळायला मार्ग नव्हता. संशय जुन्या कारकुनावर, परशरामवर आला आणि तो काम सोडून गेला. तेव्हापासून तेजस्वी सॉफ्टवेअर शोधत होती. निपाणी, चिकोडी आणि बेळगावातलं खासबाग, तिन्ही ऑफिसांतल्या प्रत्येक माणसाला स्वतःचं खातं असावं आणि ती सगळी खाती एका जागेवरून सांभाळता यावीत, एवढंच तिला हवं होतं. घटस्फोट घेऊन ती कोल्हापूरहून माहेरी आली तेव्हा वखारीत एकही कॉम्प्युटर नव्हता. पुढचं सगळं तिनंच उभं केलं होतं.

मारुतीराव आत आले आणि लेकीशेजारी खुर्ची ओढून बसले.

"ठरलं का कुठलं घ्यायचं?"

"दोन उरल्यात, आप्पा. एक बेंगळूरच्या कंपनीचं. वापरायला लई सोपं, पण सगळा कारभार त्यांच्या हातात. दुसरं फुकट मिळतंय. बसवायला तरास हाय, पण चाव्या आपल्या घरात राहत्यात."

"मग घरातलंच बरं."

वडील इतक्या पटकन कधी कशाला हो म्हणत नसत. तेजस्वीला हुरूप आला. तिनं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. कारकुनाला फक्त वजनं दिसतील, भाव दिसणार नाहीत. कुणी आकडा बदलला तर त्याचं नाव उमटेल. हंगामापुरत्या घेतलेल्या माणसांच्या खात्यांना मुदत घालता येते; तारीख उलटली की खातं आपोआप बंद.

"म्हंजे कुणाला तोंडानं सांगाय नको," मारुतीराव म्हणाले.

"व्हय."

त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवरची नावं एकेक करून वाचली.

"ह्यात मुख्य कोण?"

"मी."

"सूरजला कर."

सूरज, तिचा धाकटा भाऊ, बाहेर वजनकाट्यापाशी उभा राहून फोनवर हसत होता.

"त्याला स्वतःचा पासवर्ड ध्यानात राहत न्हाय, आप्पा."

"शिकंल." मारुतीरावांनी स्क्रीनवर तिच्या नावाकडं बोट केलं. "आणि तुझ्या खात्याला मुदत घाल. वैशाखापर्यंत."

ते थट्टा करतायत असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं. ते अजून स्क्रीनकडंच बघत होते.

"वैशाखात काय हाय?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"चिकोडीला गेलतो. पावणं शिक्षक हैत. पहिली बायको वारली, एक पोरगी हाय. माणसं चांगली हैत."

"मला इचारलं न्हाईसा."

"इचारणारच होतो. तुझ्या आईला पसंत हाय. सूरजला बी."

तेजस्वीनं हातातला माउस बाजूला ठेवला. स्क्रीनवर तिच्या नावापुढं मुदतीची चौकट रिकामी होती. तिनं ती तशीच राहू दिली आणि सॉफ्टवेअर बंद केलं.

"हे नको, आप्पा. बेंगळूरचं घ्या."

"आत्ताच तर म्हणालीस, चाव्या घरात राहत्यात."

"हे सांभाळायला घरातलंच माणूस लागतंय. तवा मी मला घरातली धरून बोलले."

मारुतीरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते उठून काट्याकडं गेले.

तिनं बेंगळूरला फोन लावला. पलीकडच्या मुलीशी ती कन्नडमध्ये शांतपणे बोलली. तिन्ही गावं सांगितली, किती खाती लागतील ते सांगितलं. यापुढं कुणाशी संपर्क ठेवायचा, असं त्या मुलीनं विचारलं. तेजस्वीनं भावाचं नाव सांगितलं आणि पलीकडं नीट कळेना म्हणून एकेक अक्षर सोडवून पुन्हा सांगितलं.

"आणि तुम्ही कोण?" मुलीनं विचारलं.

"मी इथं हंगामापुरती हाय," ती म्हणाली. कन्नडमध्ये ते सांगायला सोपं गेलं.